विमा कंपनीनं काढलेला मुहूर्त

माझं लग्न ठरलं होतं वैशाखातलं आणि झालं त्याआधीच्या मार्गशीर्षात. एवढी घाई पाहून घाटनांदूरच्या बाजारपेठेत लोकांनी मनाला येईल ते तर्क लढवले. खरं कारण होतं एका विमा कंपनीचा नकार, पण ते कुणाकुणाला समजावून सांगणार? आम्ही सांगायच्या भानगडीतच पडलो नाही.

आई भरपूर जाड होती. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे लोक तिच्याकडे पाहून धंदा जोरात आहे असं समजायचे आणि बाबांना ते बरं वाटायचं. तिला मात्र वाकता येत नव्हतं. गुडघे दुखायचे, खाली बसलं की उठवायला दोघीजणी लागायच्या. नात्यात कुणाचंही लग्न असो, आईला कोठी मिळायची. म्हणजे लाडू-बुंदीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं आणि चावी सांभाळायची. वरवर हा मान असायचा. पण ताईच्या लग्नात विहिणीची पंगत बसली, तेव्हा ताईच्या सासूला वाढायला काकू गेली आणि मुलीची आई कोठीवर बसून राहिली. पंगतीत वाकून वाढणं तिला जमणारच नव्हतं. त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही. ते तिला फार लागलं होतं.

पुढं दादा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. पोराच्या नोकरीवर आईबापाचाही विमा असतो, हे आमच्या गल्लीला नवलच होतं. शेजारचे काका दोनदा येऊन खात्री करून गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी आईची साखर पाहिली, गुडघे पाहिले आणि पोटाला आतून पट्टा बसवायचं ऑपरेशन सुचवलं. दादाच्या कंपनीच्या विम्यात ते बसलं. ऑपरेशननंतर चार घास खाल्ले की पोट भरायचं. बघता बघता आई निम्मी झाली.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं. अजून आठवली की जीव हळहळतो. पूर्वी काळीपिवळी जीपवाला तिच्याकडून दोन सीटचे पैसे मागायचा, आता ती मुद्दाम चौथी होऊन दाटीवाटीत बसायची. तेलगावला मावशीकडे, दिंद्रुडला आत्याकडे, आमंत्रण असो नसो, आई निघाली. बाबा म्हणायचे, एवढी तर एसटीसुद्धा फिरत नाही. संध्याकाळी ओट्यावर बायकांत मांडी घालून शेंगा फोडायची आणि कुणाचा हात न धरता उठायची. उठल्यावर सगळ्यांकडे एकदा बघायची, पाहिलंत ना, अशा नजरेनं. दिंद्रुडच्या अशाच एका फेरीत तिनं माझं स्थळ पाहिलं. लग्न ठरल्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच, यावेळी विहिणीला मीच वाढणार.

आणि तेवढ्यात पोटातला पट्टा सरकला. पाणीही टिकेना. दादानं नुकतीच नोकरी बदलली होती, त्याला घोर नको म्हणून तिनं उलट्या लपवल्या. बाबांना कळेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते.

पुण्याच्या हॉस्पिटलात विम्याचं वेगळं टेबल होतं. तिथल्या मुलानं दादाच्या नव्या कंपनीच्या विम्याचे नियम वाचले आणि अदबीनं सांगितलं की वजन कमी करायचं ऑपरेशन यात बसत नाही, आधी झालेलं दुरुस्त करायचं असेल तर तेही नाही. आई टेबलाला धरून उभी राहिली.

"लेकरा, मी जाड हाय का?"

तो गडबडला. नाही म्हणाला.

"मग जाडीचं ऑपरेशन कावून म्हनतो रे ह्याला?"

मला वाटलं, हा आता निरुत्तर होणार. पण त्यानं मान खाली घालून पुन्हा तोच नियम वाचला. जुन्या कंपनीनंही हात वर केले, दादा आता त्यांच्याकडे नव्हता. बाबा तर पेटलेच. रंग गेला तर आम्ही लुगडं बदलून देतो, असं त्यांनी अख्ख्या हॉलला ऐकवलं. त्याचा उपयोग काही झाला नाही.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पट्टा काढून दुसरं मोठं ऑपरेशन करायचं, नाहीतर नुसता काढायचा, मग वजन हळूहळू परत येईल. दादा कर्ज काढायला निघाला. आपण नोकरी बदलली नसती तर, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आईनं त्याला जवळ बसवून घेतलं.

"नुसता काढा. कर्ज न्हाई काढायचं. फक्त वजन यायच्या आत हिचं लगीन लावून द्या."

पट्टा काढला आणि बाबा दुसऱ्याच आठवड्यात दिंद्रुडला गेले आणि माझ्या सासऱ्यांना सगळं खरं सांगून आले. सासऱ्यांनी म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि पंचांग मागवलं.

लग्नात आईनं कोठीची चावी काकूच्या हातात दिली आणि पदर खोचला. विहिणीच्या पंगतीत मी आणि नवरा सासूबाईंच्या शेजारीच होतो. मागं दादा भाताचं पातेलं धरून चालत होता आणि आई वाकत होती, उठत होती, पुन्हा वाकत होती. चेहरा घामानं निथळत होता. वजन थोडं थोडं यायला लागलंच होतं, ते मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

सासूबाई चिमणीएवढं खाणाऱ्या. भात दुसऱ्यांदा आला तेव्हाच त्यांचं झालं होतं. आई तिसऱ्यांदा समोर येऊन वाकली आणि सवयीप्रमाणे सासूबाईंनी ताटावर हात आडवा धरला. आई तशीच थांबली, भातवाढी हातात घेऊन. सासूबाईंनी वर तिच्याकडे पाहिलं आणि ताटावरचा हात काढून घेतला.

"वाढा विहीणबाई," त्या म्हणाल्या, "लई भूक हाय मला."