उघाडीचा दोर

ही गोष्ट सांगणं मी निवृत्तीनंतरही टाळत आलो. आता लिहून टाकतो.

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीवर आमच्या खात्याचा बांध होता. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. अशा बांधातल्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिची झडप आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटते. आतली जमीन पडीक राहून पाणथळ झाली होती. त्या श्रावणात तिथे लव्हाळ्यांच्या ढिगावर सारसाच्या जोडीने दोन अंडी घातली होती. आमच्या जिल्ह्यात सारस मी त्याआधी पाहिला नव्हता.

साहेबांचा फोन आला. "उद्या पाहणी आहे. बांधाचा पाया दिसला पाहिजे. पाणी उतरवा."

"सर, आत सारसाचं घरटं आहे."

"पक्षी उडतात हो. बांध उडत नाही."

गंजलेली झडप अर्धीच उघडायची. पहाटे ओहोटीला मी ती दोराने वर ओढून बांधली. उघाडी सांभाळणारे हमीदचाचा बघत होते.

"साहेब, आज अवस. तिथीची पाऊणपट करा. पंधराची सव्वाअकरा. तेव्हा पाणी भरणार, तेही उधाणाचं. आठाला दोर सोडा."

मी मोबाईल पुढे केला. "यात साडेबारा दिसतायत. नऊला सोडू."

"तुमचा मोबाईल कुठल्या गावचा?" चाचा हसले.

मुंबईचा. मी मुंबई बंदराचं वेळापत्रक उघडलं होतं; आमच्याकडे भरती त्याच्या तासभर आधी येते, हे नंतर कळलं.

नऊला परतलो तर खाडी आत घुसत होती. गाठ फुगून आवळली होती. ती सोडवताना माझी नखं तुटली. चाचा कोयता घेऊन पाण्यात उतरले.

"चाचा, वर या!"

ते दिसेनासे झाले. पाण्यावर फक्त टोपी. मग दोर तुटला, झडप धाडकन मिटली आणि चाचा दगडाला धरून वर आले.

मागे घरट्याचा ढीग पाण्याखाली गेला होता. जोडी तिथेच उभी राहून ओरडत होती.

अहवालात मी लिहिलं: उघाडी सांभाळणाऱ्याने झडप वेळेत मिटली नाही. चाचांचं काम गेलं.

भरतीची वेळ बघताना आधी बंदराचं नाव वाचावं, एवढं मी नंतरच्या प्रत्येक ज्युनियरला शिकवलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर चाचांच्या घरी गेलो. वाक्य पाठ होतं: दोर मी बांधला, खोटं मी लिहिलं, माफ करा.

त्यांनी चहा दिला. "सारस परत आले काय, साहेब?"

"नाही." मग मी म्हणालो, "चाचा, तो दोर..."

"जुनाच होता तो. कापायला सोपा गेला."

मी चहा संपवला आणि निघालो. गेल्या पावसाळ्यात चाचा वारले.