लावणीचा शर्ट

छातीच्या कॅन्सरसाठी लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतली की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि ब्लाउजची शिवणसुद्धा टोचते. मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या एसटीत मी पदर चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवला होता. शेजारी भातलावणीला निघालेली एक बाई बसली होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, इकडे चिखलात उतरताना बायका घालतात तसा.

"लायटी घेतल्या ना, ताय? मी पन," ती हळूच म्हणाली. "आत बिलाउज नाय. लावनीचा शर्ट बरा, कोनाला कळत नाय."

तिनं कॉलर जरा बाजूला केली. लाली गळ्यापर्यंत चढली होती, वर हळदीचा लेप.

"ताप येतो?"

"कालपासून. लावनी झाली का जाईन."

"ताप आला म्हणजे हे नुसतं भाजणं नाही. आजच माझ्याबरोबर शहापूरच्या दवाखान्यात चला."

"अशी? नवऱ्याच्या शर्टात?"

"बरंच की. बटणं काढायला सोपं."

ती तोंडाला पदर लावून हसली. तिचा थांबा आला. बांधावरून बायका हाका मारत होत्या.

"तुमी लावा गो," ती खिडकीतून ओरडली आणि काच ओढून घेतली.