माझ्या नावाचा वाटा

नागभीडला गाडी बदलून वडशाला उतरलो, तेव्हा खिशात कमलचं पत्र होतं. 'आपल्या लग्नाला हो की नाही, एकदाचं कळवा.' ठरलेली दोन लग्नं मी आधीच मोडली होती. जवळ आलेलं माणूस सोडून जाणारच, असं मला आतून वाटे. देवापुढेही मी नुसता उभा राही, मागत काहीच नसे. याचं मूळ आरमोरीजवळच्या एका खेड्यात आहे, अशी माझी खात्री होती. आई बाळंतपणात गेल्यावर तिथल्या रुखमा या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बाईनं मला पाच वर्षं सांभाळलं. वडील न्यायला आले त्या दिवशी मात्र ती निरोपालाही आली नाही. त्याचा जाब विचारायला मी निघालो होतो.

आरमोरीपर्यंत बस मिळाली, पुढे दोन कोस पायी. नवे बूट चावले, ते हातात घेऊन चाललो. गावाबाहेर बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर गर्दी होती. उन्हाळ्यानं पाणी आटलेलं. मासे धरून झाले होते आणि पळसाच्या पानांवर माणशी एकेक वाटा मांडला होता. एक म्हातारा नावं पुकारत होता.

"नानूचा वाटा!"

या नावानं मला पंचवीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मी थबकलो. म्हाताऱ्यानं इकडेतिकडे पाहून पान माझ्यापुढेच धरलं.

"घ्या भाऊ."

"मला कशाला?"

"नानू रुखमाबाईचा पोरगा. शयरात गेला. त्याचा वाटा दरसाल परक्या माणसाले देते बाई. म्हनते, त्याले बी कुठी तरी कोनी खाऊ घालत असन."

पान हातात घेऊन मी चारचौघांत रडलो. "आजोबा, नानू मीच."

चिखलानं माखलेली रुखमा धावत आली. माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपू लागली. मी कसंबसं विचारलं, "मग त्या दिवशी आली का नाहीस?"

"मले पाह्यलं असतं त तू गाडीतून उडी मारली असती. मी बोडीतच होती बापा, गळ्याएवढ्या पान्यात. तुही गाडी जाईस्तोवर."

तिच्या हातचा भात आणि मासोळ्यांचा झणझणीत रस्सा दोनदा मागून खाल्ला. परतताना ती आरमोरीच्या बसपर्यंत आली आणि बस हलली तरी समोरच उभी राहिली. कमलला होकाराचं पत्र मी वडशाला उतरल्या उतरल्याच टाकलं.

देवाचं मला अजून फारसं कळत नाही. पण घरी आल्यावर त्याच्यापुढे उभा राहिलो, मनापासून आभार मानले आणि जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. म्हटलं, लग्नात आईच्या पाटावर बसायला रुखमा येऊ दे.