लांब नाक आणि डोक्यावरचे निखारे

भाषांतराच्या कामात कागद साचतात, हे मला माहीत होतं. पण किस्से त्याहून जास्त साचतात!

बायबल आपल्याकडच्या बोलीत आणायचं काम आम्ही जुन्या जालन्यात, एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत करून राह्यलो. सायमन सर, मराठीचे रिटायर्ड मास्तर, भाषांतर करतात. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, टायपिंग करते. मजकूर झाला की रशीदभाईंच्या गाडीतून वडीगोद्री गावी जायचं आणि तिथं हीच बोली बोलणाऱ्या शांताबाईंना वाचून दाखवायचा. त्यांना कळला तर पास!

*

एक राजा गुहेत ‘पाय झाकायला’ जातो. सरांनी तसंच्या तसं ठेवलं.

“का? थंडी वाजत व्हती का त्याला?” शांताबाईंनी विचारलं.

सर लाजले. “तसं न्हाई. नैसर्गिक विधीसाठी गेल्ता.”

“विधी? गुहेत? भटजी कोण व्हता?”

“परसाकडं हो बाई, परसाकडं!”

“मंग तसं सांगा की! राजाला काय लागत न्हाई का?”

*

‘आदामाने आपल्या बायकोला ओळखले, आणि तिला दिवस गेले.’ हे वाचलं तेव्हा रशीदभाई दारात उभे होते.

“सर, दुनियेत दोघंच होते ना?”

“हो.”

“मंग वळखायला काय मुश्कील?”

सरांनी वाक्य बदललं.

*

मूळ भाषेत सहनशील माणसाला ‘लांब नाकाचा’ म्हणतात. सर दोन दिवस तिथंच अडकून बसले. मला मात्र पटकन पटलं. आपल्याकडं राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. नाक लांब असलं की शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच!

“पण सर, तुमचं नाक तर एवढं लांब, तरी...”

“तू टाईप कर!”

*

मग ते निखाऱ्यांचं वाक्य आलं. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचशील. सरांनी अर्थ सांगितला, “म्हणजे तो मनातून शरमेल.”

शांताबाई उठून आत गेल्या. शेजारीच राहणाऱ्या जावेशी त्यांचा अकरा वर्षं अबोला, अख्ख्या गावाला माहीत. त्या दिवशी आम्हाला चहासुद्धा मिळाला नाही.

पुढच्या खेपेला आम्ही टेकतोय न टेकतोय तोच त्या म्हणाल्या, “सर, ते वाक्य बराबर न्हाई. जावेला जेवायला बोलावलं. पुरण घातलं.”

“मंग? शरमली?”

“कुठली! पोटभर जेवली. अन् अकरा वर्सांनी तोंड उघडलं ते काय, तर म्हणे आमटीत मीठ कमी हाय!”

रशीदभाई खो खो हसले. सरांनी पेन काढलं.

“मंग तुम्ही काय केलं?”

“काय करते? मीठ दिलं.”