वार्ड नंबर नऊचे पडलेले उमेदवार

निवडणूक हरावी तर आमच्या मामांनीच. जिंकणारे काय हो, पैशाला पासरी सापडतात. पण नेमानं, मनापासून आणि इस्त्रीचा सदरा घालून हरणारा दुसरा माणूस मी अख्ख्या परभणी जिल्ह्यात पाहिला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाथरीच्या नगरपालिकेत वार्ड नंबर नऊ होता तोवर त्यातून उभं राहणं आणि पडणं हा त्यांचा कुळाचार होता. वार्डाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ, आणि घरात कॅलेंडर असूनही ते त्याच हिशेबानं जगत. माझा जन्म 'चाचा पयल्यांदा निवडून आले त्याच्या आदल्या साली' झाला, आणि गल्लीत नळ आला तो 'मी तिसऱ्यांदा पडलो त्या उन्हाळ्यात'. एकदा मी त्यांना लग्नाची तारीख विचारली, तर म्हणाले, "भर आचारसंहितेत झालं बघ. म्हणून तर मांडवात लाऊडस्पीकर न्हवता." आतून आत्या म्हणाली, "नवरदेवच सारखा बोलायलाय म्हणल्यावर लाऊडस्पीकर कशाला लागतोय?"

ज्यांच्याकडून मामा बहुतेक वेळा हरले ते चाचा म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर, मामांचे शाळेपासूनचे दोस्त. मामांचा प्रचाराचा सदरा दर खेपेला चाचाच शिवत. माप घेताना म्हणत, "भाई, कॉलर जरा कडक रखतूं. हारे तो भी गर्दन सीधी दिखना." आणि मामा मान ताठ करून माप देत! मामांचं चिन्ह कपबशी. प्रचार म्हणजे घरोघरी जाऊन मतदारांना आपल्या घरी चहाला बोलवायचं. सगळा वार्ड चहा पिऊन जायचा आणि चाचांना मत द्यायचा. भाषणात तर कहर. "तुमी म्हणसाल रोज पाणी द्या, तर ते माझ्यानं होणार न्हाई. दोन दिसाआड बघतो. चाचा रोज देतो म्हणालाय, त्याला विचारा." लोक टाळ्या वाजवत, आणि जाऊन खरंच चाचांना विचारत. एकदा वार्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा मामांनी आत्याला उभं राहण्याची गळ घातली. ती म्हणाली, "मी उभी राहिले की निवडून येईन. मग तुमी कुणाला तोंड दाखवसाल?" विषय तिथंच मिटला.

पण मामांचा खरा कळस झाला तो ते एका मतानं पडले तेव्हा. होय, एका! फेरमोजणी झाली, तरी तेच. चाचा स्वतः येऊन म्हणाले, "भाई, वो एक वोट कौन दिया नहीं तुमकू?" मामा शांतपणे म्हणाले, "मी." आपण आपल्यालाच मत द्यायचं म्हणजे पंगतीत आपल्या पानात आपणच वाढून घेतल्यासारखं, असं त्यांचं मत. म्हणून ते दरवेळी आपलं मत चाचांना देत आले होते! आत्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि आठ दिवस त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाही. मामांना त्याचं काही नाही. उलट "केवढी चुरस झाली!" म्हणून गावभर सांगत फिरले.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला हरण्याची एवढी हौस कसली? त्याचं असं, की आमच्या वार्डात एक रिवाज होता. निवडून आलेल्याची मिरवणूक निघाली की पहिली थांबायची ती पडलेल्याच्या दारात. पडलेल्याच्या घरच्या बाईनं त्याला ओवाळायचं, पडलेल्यानं गळाभेट घ्यायची, आणि सगळ्यांनी तिथं चहा प्यायचा. मगच गुलाल पुढं सरकायचा. किती वर्षं आत्यानं चाचांना ओवाळलं! चाचा ताटात ब्लाऊजपीस टाकायचे आणि म्हणायचे, "भाभी, अगली बार तुमच्या घरून माझ्या घरी मिरवणूक आणा." मामा मनापासून हसायचे. ओट्यावर, पायऱ्यांवर, न्हाणीपर्यंत माणसंच माणसं. मी लहानपणी ते पाहिलंय, आणि खरं सांगतो, तेव्हा मला निवडून आले ते मामाच वाटायचे.

मग प्रभाग रचना बदलली. वार्ड नंबर नऊ गेला. त्याची मधोमध वाटणी होऊन दोन तुकडे दोन मोठ्या प्रभागांना जोडले गेले. मामांचं घर एकीकडं, रस्त्यापलीकडचं चाचांचं दुकान दुसरीकडं. औंदाच्या निवडणुकीला सगळ्यांनी आग्रह केला, पण मामा उभे राहिले नाहीत. "आर्धा प्रभाग मला वळखत न्हाई. कुणाच्या दारात जाऊन चहाला या म्हणू?" चाचांचीही नजर अधू झाली होती, तेही नाही म्हणाले.

निकालाच्या दिवशी मी जिंतूरहून एसटीनं पाथरीला गेलो. बघतो तर काय, मामा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेले. आत आत्यानं मोठं पातेलं चढवलेलं, आणि निरांजन, कुंकू, सुपारी घालून ताट तयार. मी ताटाकडं बघितलं. आत्याच पुटपुटली, "सवय हाय बाबा. हात ऐकत न्हाईत."

दिवस कलता कलता मिरवणूक आली. मोठ्या रस्त्यावरून डीजेचा असा दणका, की आमच्या कपाटातली भांडी थरथरली. मामा उठून उभे राहिले, कॉलर नीट केली. उघड्या जीपमध्ये हार घातलेली पोरं होती. त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली आणि सरळ पुढं निघून गेली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! थोडा गुलाल तेवढा वाऱ्यानं गल्लीत आला. मामा कितीतरी वेळ तिकडंच बघत उभे होते.

चाचा काठी टेकत रस्ता ओलांडून आले आणि मामांशेजारी बसले. आत्या ताट घेऊन बाहेर आली. "बसा दोघं. दोघांनाबी ओवाळते," ती म्हणाली. मामांनी हात आडवा केला. "कुणाला ओवाळतीस? हितं निवडून कोण आलंय?"

आत्यानं ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि चहा आणायला आत गेली.

"उभं राहायला पायजे होतं औंदा," मामा म्हणाले.

मला त्यांचं वाईट वाटलं. समजूत घालायची म्हणून म्हणालो, "मामा, कशाला? हरला असता तुम्ही."

"आरं, तेच म्हणायलोय मी," मामा म्हणाले. "हरलो असतो, तर दारात आले असते."