तलावातल्या बाभळीनं पाय धरला

मंडळी, दुपार झाली तरी सकाळची गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून इथं लिहून राहिलो.

सकाळी बाबांसोबत कुरुद गावात ओळखीच्या माणसाच्या तलावावर गळ टाकायला गेलो होतो. चोरांनी जाळं ओढू नये म्हणून मालकानं पाण्यात बाभळीच्या काटेरी फांद्या बुडवून ठेवल्या आहेत. मरळ मासळी नेमकी त्याच फांद्यांच्या बुडाशी बसते, हे बाबांनीच मले लहानपणी शिकवलं.

माझा गळ तिथंच अटकला. बाबा म्हणाले, "दोरी तोड." मी ऐकलं नाही. नवीन गळ होता, उतरलो.

पाणी छातीपर्यंत आलं अन् पाय कशात तरी गुंतला. कोण्या चोराचं फाटकं जाळं फांद्यांत अडकून होतं. मी जितका झटका देऊ, तितकं ते आवळत गेलं. तोल गेला, नाकातोंडात पाणी गेलं. बाबांना पोहता येत नाही, तरी ते चपला काढून राहिले होते!

"बाबा, येऊ नका! सँडल जाळ्यात अटकली!" मी ओरडलो.

"मग ओढू नको!" ते काठावरून ओरडले. "मासा ओढूनच फसते. उभा राय. सँडलचा पट्टा खोल."

डोकं पाण्याखाली घातलं, पट्टा खोलला. सँडल तिथंच राहिली, मी निघालो.

घरी परतताना स्कूटरवर मागं बसून बाबांनी माझा ओला शर्ट मुठीत धरला, तो आमचं वैशाली नगर येईपर्यंत सोडला नाही.

एका गळासाठी तुम्हीही कधी असे पाण्यात उतरलात का? अन् तेव्हा काठावर कोण उभं होतं?