भाऊजींच्या खिशातला रिमोट

माझे थोरले दीर औषधांच्या कंपनीत विक्रेते होते. निवृत्त होताना साहेबांनी त्यांना जुना पामटॉप देऊन टाकला आणि माकडाच्या हाती कोलीत आलं. त्या खिशातल्या कॉम्प्युटरच्या टोकाला इन्फ्रारेडची काळी काच होती. तिच्यासमोर टीव्हीचा रिमोट नाकाला नाक लावून ठेवायचा, एकेक बटण दाबायचं, की यंत्र ते शिकायचं. शिकवून झाल्यावर भाऊजींनी रिमोट कचऱ्यात टाकला. "आता याची गरज काय?"

गरज सासूबाईंना होती. पाय मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या. कमी ऐकू यायचं, पण टीव्ही मोठ्याने लावला की दिवस जायचा. भाऊजी त्याच खोलीत पेपर वाचायचे. एकदा फरशी पुसताना मी पाहिलं, पेपराच्या आडून त्यांनी पामटॉपच्या पडद्यावर त्याची प्लॅस्टिकची काडी टेकवली आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. चित्रं हलत राहिली.

"माझे कान गेले गं पार," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजींनी पान उलटलं. मी बोलले तर म्हणाले, "तू तुझी फरशी पूस." हा माणूस मला कधीच आवडला नव्हता. त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला. मी कचऱ्यातून रिमोट काढला, पुसला आणि साखरेच्या डब्यामागे ठेवला.

पामटॉपचे सेल संपले की तो शिकलेलं सगळं विसरायचा, हे भाऊजींना ठाऊक नव्हतं. एके सकाळी तसंच झालं. टीव्हीवरची बटणं तर कधीच मोडलेली. भाऊजी नवे सेल घालून काडी आपटत बसले. मी रिमोट आणून सासूबाईंच्या हातात दिला, अंगठा बटणावर ठेवला. खोली दणाणली.

"अगं, येतंय की ऐकू!"

"आई, तुमचे कान ठीक आहेत. आवाज भाऊजी बंद करायचे."

त्या लेकाकडे बघत राहिल्या. आता याची खरडपट्टी निघणार म्हणून मी पदर खोचून उभी. सासूबाईंनी रिमोट त्याच्यापुढे धरला.

"घे. शिकव तुझ्या यंत्राला परत. आवाजाचा त्रास होत असेल तुला."

बेशरमाने घेतला. नाकाला नाक लावून एकेक बटण शिकवलं, रिमोट कचऱ्यात टाकला, पेपर उघडला. आवाज गेला.

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे कान गेले गं पार."